जपानचं 0.1 टक्क्याचं कर्ज फुकट पडतं का?

प्रश्न असा आला आहे: बुलेट ट्रेनसाठी जपान 0.1 टक्के व्याजाने 50 वर्षांकरता पैसे देतं, त्यातही पहिली 15 वर्षं मुद्दलाला हात लावायचा नाही. मग हे कर्ज जवळपास फुकटच झालं ना? आणि फुकट असेल तर सरकार सगळेच पूल, मेट्रो, पाणीयोजना याच पैशातून का करत नाही?

नोकरीतली बरीच वर्षं मी परकीय अर्थसाहाय्याच्या प्रकल्पांचे हिशेब सांभाळले. वॉशिंग्टन (जागतिक बँक), मनिला (आशियाई विकास बँक), टोकियो, तिन्ही ठिकाणचे पैसे हाताखालून गेले, आणि त्यात टोकियोचे सगळ्यात शिस्तीचे. त्यामुळे थोडं लांबण लावतो. आधी उत्तर सांगून टाकतो: या कर्जात व्याजदर ही सगळ्यात कमी महत्त्वाची बाब आहे. किंमत मोजावी लागते, पण ती येनच्या भावात, आपल्या वाट्याच्या खर्चात, खरेदीच्या अटींत आणि नंतरच्या देखभालीत दडलेली असते.

आधी देणारा कोण ते बघू. आज आपण जिला ‘जायका’ म्हणतो, त्या जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेकडचं कर्जाचं खातं मूळचं ओईसीएफचं, म्हणजे जपानच्या परदेशी आर्थिक सहकार्य कोषाचं. हा कोष मार्च 1961 मध्ये निघाला. 1999 मध्ये तो निर्यात-आयात बँकेत विलीन होऊन जेबीआयसी (जपानची आंतरराष्ट्रीय सहकार्य बँक) झाली आणि 2008 पासून सवलतीच्या कर्जाचं काम जायकाकडे आलं. मंत्रालयातल्या जुन्या फायलींवर म्हणून तीन वेगवेगळी नावं दिसतात, खातं एकच. पहिलं येन कर्ज मात्र कोषाच्याही आधीचं, फेब्रुवारी 1958 चं, आणि ते भारताला दिलेलं. आपली परकीय गंगाजळी तेव्हा आटत चालली होती आणि जपानला यंत्रसामग्रीसाठी गिऱ्हाईक हवं होतं. गंमत म्हणजे कोष निघाला त्याच 1961 च्या मे महिन्यात जपानने स्वतः जागतिक बँकेकडून 8 कोटी डॉलर उसने घेतले, टोकियो-ओसाका शिंकान्सेनसाठी. जागतिक बँकेचं त्यांचं शेवटचं देणं फिटलं 1990 मध्ये. एका हाताने घेणं आणि दुसऱ्या हाताने देणं असं जवळजवळ तीस वर्षं चाललं.

इतका स्वस्त पैसा त्यांच्याकडे आला कुठून? बराच काळ त्याचा मोठा झरा होता तिथली टपाल बचत. आपल्याकडे पोस्टात आवर्ती ठेव भरणाऱ्या आजी असतात ना, तशाच जपानी आजींचे पैसे सरकारी गुंतवणूक योजनेतून या कोषापर्यंत पोचायचे. शिवाय अर्थसंकल्पातून भर. पुढे त्या देशात व्याजदरच शून्याच्या आसपास गेले. त्यामुळे 0.1 टक्का ऐकून आपण जितके दचकतो तितकं दचकण्याचं कारण नाही. त्यांच्या घरात पैशाचा भावच तो होता.

आता येनकडे येतो, कारण खरा हिशेब तिथे आहे.

कर्ज येनमध्ये मिळतं आणि येनमध्येच फेडायचं असतं. आपली कमाई रुपयात. 1985 च्या सुरुवातीला 100 येन सुमारे 5 रुपयांना मिळत. त्या वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर खाली आणायचं ठरवलं, येन भराभर वर गेला. इकडे 1991 मध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं. 1995 च्या एप्रिलमध्ये त्याच 100 येनला 35 च्या वर रुपये पडत होते. म्हणजे 1985 ला 100 रुपयांच्या किमतीचे येन उचलले असते, तर दहा वर्षांत मुद्दलच 700 झालं. व्याजदर किती होता हे विचारायलाही कोणी थांबलं नसतं. इंडोनेशियासारख्या मोठ्या कर्जदारांनाही तेव्हा हाच चटका बसला.

उलटंही होतं. 2012 च्या मध्याला 100 येन 70 रुपयांच्या घरात होते. 2024 च्या मध्याला 52 च्या आसपास आले. त्या काळात ज्यांनी कर्ज उचललं त्यांचं ओझं रुपयात चक्क हलकं झालं. अशा वेळी बैठकांमध्ये ‘आमचा निर्णय दूरदृष्टीचा’ वगैरे बोललं जातं. ते मनावर घेऊ नका. येन पडणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

लांबचा हिशेब करायचा तर 1985 चे 5 रुपये आणि 2024 चे 52 घ्या. एकोणचाळीस वर्षांत दहापट, म्हणजे वर्षाला साधारण 6 टक्के. सुरुवातीचं वर्ष बदललं तर आकडा बदलतो, हे कबूल. पण ढोबळमानाने 0.1 टक्क्याच्या कर्जाची रुपयातली किंमत आपण सरकारी रोख्यांवर जे व्याज देतो त्याच्या जवळपास, थोडी खालीच, अशी निघते. फुकट मुळीच नाही. लूटही नाही. ठीकठाक स्वस्त पैसा आहे, जोखमीसकट.

ही जोखीम कोणाच्या अंगावर पडते हे फार कमी लोक विचारतात. करार केंद्र सरकार करतं, सही अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाची. पूर्वी केंद्र परकीय कर्ज राज्याला रुपयात द्यायचं, स्वतःच्या अटींवर, आणि चलनाचा चढउतार स्वतः सोसायचं. बाराव्या वित्त आयोगानंतर, 1 एप्रिल 2005 पासून, महाराष्ट्रासारख्या राज्यांना हे कर्ज जसंच्या तसं पुढे मिळतं. व्याज तेच, मुदत तीच, चलनाची जोखीमही राज्याचीच. मात्र प्रत्येक प्रकल्पात असं नसतं. पुण्याच्या मुळा-मुठा शुद्धीकरणात जायकाचं कर्ज केंद्राने घेतलं (0.30 टक्के, 40 वर्षं) आणि 990 कोटींच्या खर्चाचा 85 टक्के हिस्सा महापालिकेला अनुदान म्हणून द्यायचं ठरलं. ‘जपानच्या कर्जाने पुणेकर बुडणार’ असं तेव्हा जे बोललं गेलं ते साफ चुकीचं होतं. त्या प्रकल्पाचं दुखणं वेगळं. करार झाला जानेवारी 2016 मध्ये, आणि निविदा, फेरनिविदा यांत काम प्रत्यक्ष सुरू व्हायला 2022 उजाडलं. नदीचा मैला काही कर्जाच्या वाटाघाटीसाठी थांबत नाही.

मग घ्यायचंच कशाला? मुदतीसाठी. माझ्या मते या कर्जाचं खरं मोल तिथे आहे. शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूचं उदाहरण घ्या. 2008 मध्ये तो खासगीकरणातून करायचा प्रयत्न झाला. एका बोलीदाराने 9 वर्षं 11 महिन्यांत टोल वसूल करून पूल परत देतो म्हणून सांगितलं, दुसऱ्याने 75 वर्षं मागितली. दोन आकड्यांत इतकी तफावत असली की समजावं, रहदारीचा अंदाज कोणालाच नाही. ती निविदा रद्द झाली. 2013 मध्ये पुन्हा काढली तर एकही बोली आली नाही. मग जायका. मार्च 2017 मध्ये पहिल्या टप्प्याचा करार झाला आणि 12 जानेवारी 2024 ला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला. 15 वर्षांत पैसे परत मागणारी बँक असला पूल उभा करू शकत नाही. बांधायलाच पाच-सहा वर्षं, पुढे गाड्या यायला दहा. तीस-चाळीस वर्षं दम धरणारा सावकार बाजारात सहसा भेटत नाही.

आता आपल्या वाट्याच्या खर्चाबद्दल, कारण प्रकल्प अडतात ते बहुतेक इथेच. ‘जायका पैसे देते’ म्हणजे सगळ्याचे देत नाही. भूसंपादन नाही, भरपाई नाही, कर आणि शुल्कं नाहीत, आपल्या कार्यालयाचा खर्च नाही. समजा ठेकेदाराचं 100 कोटींचं देयक आलं, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 118. कर्जातून मागायचा आकडा 100 वरच काढायचा. 18 राज्याने किंवा प्राधिकरणाने स्वतःच्या खिशातून भरायचे. त्यातले 9 राज्याच्याच तिजोरीत परत येतात म्हणा, पण ते वित्त विभागाच्या तिजोरीत. प्रकल्पाच्या खात्यात ते दिसत नाहीत, आणि प्रकल्प संचालक मार्च महिन्यात त्याच वित्त विभागाच्या दारात निधीसाठी उभा असतो.

पैसे येण्याचीही रीत आहे. बऱ्याचदा आधी आपण खर्च करायचा आणि मग मागणी लावायची. प्रकल्प कार्यालयातून खर्चाचं विवरणपत्र, त्याला देयकांच्या प्रती, करार क्रमांक, करारातला पात्र टक्का, ठेकेदाराला पैसे दिल्याचा पुरावा. हे जातं दिल्लीला, परकीय साहाय्याचे हिशेब बघणाऱ्या नियंत्रकांकडे. तिथून टोकियोला, आणि येन जमा झाले की त्या दिवसाच्या दराने रुपये. एकदा आमचा एक दावा परत आला. देयकात एका ओळीत कर वेगळा दाखवलेला नव्हता, दरातच मुरलेला होता. रक्कम किरकोळ, पण अख्खा दावा थांबला. त्या काळात येन थोडा सरकला आणि हाती आलेले रुपये अंदाजापेक्षा कमी निघाले. फरक कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवायचा यावर लेखापरीक्षकांशी जो पत्रव्यवहार झाला, त्याची फाइल मूळ दाव्यापेक्षा जाड झाली. तेव्हापासून नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी एकच शिकवायचो: कराची ओळ वेगळी काढ, मग चहा पी.

‘संमती’ हा दुसरा प्रकार. मोठ्या ठेक्यांत निविदेचा मसुदा, तांत्रिक मूल्यमापन, शेवटी करार, अशा एकेका टप्प्यावर जायकाची लेखी संमती लागते. आपल्याकडे याला ‘परदेशी ढवळाढवळ’ म्हणणारे पुष्कळ. मी त्यातला नाही. निविदा उघडल्यावर वरून फोन येतो तेव्हा ‘साहेब, संमती टोकियोहून यायची आहे’ हे वाक्य किती अधिकाऱ्यांच्या कामी आलंय ते त्यांनाच विचारा. त्यात महिने जातात हे मात्र खरं, आणि महिन्यांना भाव असतो. मुंबईच्या मेट्रो 3 चा मूळ अंदाज 23,136 कोटींचा, सुधारित 37,276 कोटींचा. वाढीची कारणं अनेक, आरेच्या कारशेडचा वाद हे त्यातलं एक. दोष एकट्या संमतीला देता येत नाही. पण साडेतेहतीस किलोमीटरचं भुयार जितकं लांबतं तितकं महागतं.

खरेदीच्या अटींबद्दल लोकांचा सर्वसाधारण समज असा की जपानी पैसा म्हणजे जपानी ठेकेदार. अर्धं खरं. कर्जं दोन जातींची. एका जातीत जगात कोणीही बोली लावावी. मेट्रो 3 त्यातली. म्हणून जपानच्या पैशावर मुंबईखाली बोगदे खणले भारतीय कंपन्यांबरोबर शांघायच्या, तुर्कस्तानच्या आणि मॉस्कोच्या कंपन्यांनी, आणि गाड्या आल्या फ्रेंच अल्स्टॉमच्या, आंध्रातल्या श्रीसिटीत जुळवलेल्या. दुसऱ्या जातीला ‘स्टेप’ म्हणतात, 2002 पासूनची. दर आणखी कमी, पण मुख्य ठेकेदार जपानी हवा आणि किमान 30 टक्के माल-सेवा जपानी. दादरी ते जेएनपीटी मालवाहतूक मार्ग असाच झाला. तिथे जपानची सोजित्झ आणि आपली एल अँड टी जोडीने दिसतात. स्टेपमध्ये स्पर्धा आटते, बोली चढ्या येतात. व्याजात वाचलेलं तिथे किती जातं हे प्रत्येक प्रकल्पात मांडून बघावं लागतं, आणि ते मांडून बघायला आपल्याकडे फारसं कोणी बसत नाही. बुलेट ट्रेनचं गणितही याच नजरेने करा. 1.08 लाख कोटींच्या मूळ अंदाजातले 81 टक्के, 88 हजार कोटी, 0.1 टक्क्याने द्यायचं ठरलं. पण गाडी शिंकान्सेनच असणार हे त्या दराबरोबरच ठरून गेलं. एकदा शिंकान्सेन घेतली की सुटे भागही तिथलेच.

यावरून जपानला नावं ठेवण्याआधी आरशात बघायला हरकत नाही. आपणही आता देणारे आहोत. एक्झिम बँकेमार्फत भारत सरकार आफ्रिकेला आणि शेजाऱ्यांना ज्या कर्जरेषा (ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलायची कर्जं) देतं, त्यात सर्वसाधारणपणे 75 टक्के माल-सेवा भारतातून घ्यायची अट असते आणि ठेकेदार भारतीय. मालदीवमधला माले ते थिलाफुशी पूल 40 कोटी डॉलरची कर्जरेषा आणि 10 कोटी डॉलरचं अनुदान यांतून ठरला. बांधणारी कंपनी मुंबईची अ‍ॅफकॉन्स. मालेतलं कोणी आज तुमच्यासारखाच प्रश्न विचारत असेल, तर त्यालाही मी हेच उत्तर देईन.

विस्थापनाचा मुद्दा टाळून हे उत्तर पुरं होणार नाही. सरदार सरोवराच्या भूमिगत वीजगृहातली यंत्रं जपानी. त्यासाठी 1985 मध्ये ओईसीएफने 285 कोटी येन मंजूर केले. पुढचे पैसे मिळतील असं आपल्याकडे गृहीतच धरलं होतं. पण नर्मदा खोऱ्यातल्या लोकांचं म्हणणं 1990 मध्ये थेट टोकियोपर्यंत पोचलं. मेधा पाटकर तिथे बोलल्या, जपानी खासदारांनी संसदेत प्रश्न विचारले, आणि जपानने पुढचा हात आखडता घेतला. जागतिक बँकेचं कर्ज थांबलं ते त्यानंतर, 1993 मध्ये. अक्कलकुवा आणि धडगावकडची आपली 33 गावं त्या पाण्यात होती. धरण थांबलं नाही, गुजरातने पैसा दुसरीकडून उभा केला, पण देणाऱ्यांचं वागणं बदललं. जपानच्याच कर्जातून बांधलेल्या, इंडोनेशियात सुमात्रातल्या कोटो पांजांग धरणाच्या विस्थापितांनी तर 2002 मध्ये टोकियोच्या न्यायालयात जपान सरकारवरच दावा लावला. हरले ते, पण धसका बसायचा तो बसला.

आज मोठ्या परिणामांच्या ‘अ’ वर्गातल्या प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल करारापूर्वी 120 दिवस सगळ्यांना बघता येईल असा ठेवावा लागतो. पुनर्वसनात कागद नसलेल्यांनाही मोजावं लागतं. इथे आपल्या पद्धतीशी थेट खटका उडतो. आपल्याकडे झोपडी ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे एका तारखेवर ठरतं. जायका म्हणते, सर्वेक्षणाच्या दिवशी जो तिथे राहत होता त्याचं नुकसान होतंय की नाही तेवढं सांगा. हा फरक मिटवताना कार्यालयात खूप शब्दच्छल होतो. त्याच गल्लीत स्वतःच्या पैशाने रस्ता करणारी दुसरी यंत्रणा मात्र जुन्या तारखेवरच चालते, त्यामुळे एका बाजूच्या घराला मदत आणि समोरच्याला नोटीस, असंही होतं. लोक चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही.

शेवटचा खर्च देखभालीचा. त्यासाठी अजिंठ्याला जाऊन या. अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन प्रकल्पाला 1992 मध्ये आणि पुन्हा 2003 मध्ये येन कर्ज मिळालं. त्यातून चिकलठाणा विमानतळाचं काम झालं, रस्ते झाले, लेण्यांचं जतन झालं. फर्दापूरच्या फाट्यावर खासगी गाड्या अडवून पुढे एसटीच्या बसने नेण्याची सोय झाली. ती आजही चालू आहे आणि लेण्यांपुढचा धूर त्यामुळे खरोखर कमी झाला. त्याच प्रकल्पात भलंमोठं अभ्यागत केंद्र बांधलं, आत 1, 2, 16 आणि 17 क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृती. कल्पना उत्तम: गर्दी इथे थोपवा, मूळ चित्रांवरचा श्वासाचा भार हलका करा. पण काही वर्षांतच वीज आणि पाण्याची बिलं थकली आणि केंद्राला टाळं लागलं. इमारतीला कर्ज होतं, बिलाला नव्हतं. बससेवा टिकली कारण तिकिटाचे पैसे रोज हातात येतात. केंद्राचा रोजचा धनी कोण, हे कधी नीट ठरलंच नाही.

याच्या उलट घाटघर. अकोले तालुक्यातल्या या उदंचन जलविद्युत प्रकल्पाचं कर्ज 1988 चं, वीज सुरू झाली 2008 मध्ये, 250 मेगावॅट. वीस वर्षं लागली म्हणून आम्ही त्याची खूप टिंगल केली. पण मागणी नसताना पाणी वर चढवायचं आणि मागणी चढली की खाली सोडायचं, हे काम तो करतो, कारण वीज विकणारं खातं, चालवणारे अभियंते आणि दुरुस्तीची तरतूद सगळं आधीपासून जागेवर होतं.

तेव्हा तुमच्या शहरात उद्या असं कर्ज आलं आणि सभागृहात ‘फक्त 0.3 टक्के’ म्हणून बाकं वाजली, तर नगरसेवकाला गाठून चार गोष्टी विचारा. येन वर गेला तर फरक केंद्र भरणार, राज्य की महापालिका? जमीन, भरपाई आणि जीएसटीचे पैसे यंदाच्या अंदाजपत्रकात कोणत्या पानावर आहेत? ठेका खुला की स्टेपमधला? आणि प्रकल्प सुरू झाल्यावर पहिल्या महिन्याचं वीजबिल कोण भरणार? चौथ्याला बहुतेक ‘बघू, शासनाकडे मागू’ असं उत्तर मिळतं. ते मिळालं की व्याजदराची चर्चा तिथेच सोडा आणि वीजबिलाच्या मागे लागा.